शरदातली भटकंती : पुणे ते कोल्हापूर

आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे दोन महिने. इंग्रजी दिनदर्शिकेत ते साधारण सप्टेंबरअखेर सुरू होतात आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात संपतात. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात मुलाबाळांना आणि आजी-आजोबांना घेऊन घराबाहेर पडायला वर्षभरात यापेक्षा चांगला काळ नाही. सहलींची गर्दी मात्र होते जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा धबधबे भरात असतात, पण वाटा शेवाळलेल्या असतात, धुक्यामुळे समोरचा डोंगर दिसत नाही आणि घाटात गाड्यांच्या रांगा लागतात. शरदात डोंगर हिरवेच असतात, ओढे वाहते असतात आणि हवा निवळल्याने लांबचे गड ओळखू येतात. शिवाय शाळांना सुट्टी असते, शेतात पीक काढणीला आलेले असते आणि एकामागून एक सण येत असतात.

या दोन महिन्यांत हवा एकसारखी राहत नाही. मोसमी वारे माघारी फिरायला सुरुवात होते ती पश्चिम राजस्थानातून, साधारण १७ सप्टेंबरच्या सुमारास. महाराष्ट्रातून ते जायला ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा उजाडतो. तोवर परतीचा पाऊस असतो. सकाळ लख्ख असते, दुपारी ढग चढतात आणि संध्याकाळी गडगडाटासह सर येते. या पावसातली वीज जीवघेणी असते. म्हणून सप्टेंबरअखेरची सहल सकाळी लवकर निघून दुपारपर्यंत उरकावी, उघड्या सड्यावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप जवळपास वीज पडण्याची शक्यता असल्यास सूचना देते. ते फोनमध्ये असलेले बरे. पाऊस गेला की ऑक्टोबर हीटचे दोन-तीन आठवडे येतात. आकाश निरभ्र, ऊन कडक आणि जमिनीत ओल असल्याने हवा दमट, त्यामुळे उकाडा जाणवतो. दिवाळीच्या आसपास पहाटे गारवा येतो आणि मग खऱ्या अर्थाने गड चढण्याचे दिवस सुरू होतात.

सण चांद्र तिथींवर चालतात आणि फुले, पिके, पक्षी पावसावर. दोन्हींचा मेळ दर वर्षी सारखा बसत नाही. २०२० मध्ये अधिक महिन्यामुळे दसरा २५ ऑक्टोबरला आला होता, २०२५ मध्ये तो २ ऑक्टोबरलाच होता. त्यामुळे ‘दसऱ्याला कास बघू’ असा बेत एखाद्या वर्षी जमतो, तर एखाद्या वर्षी सड्यावर नुसते वाळलेले गवत पाहून परतावे लागते. बेत आखण्याआधी पंचांग आणि यंदाचा पाऊस दोन्ही पाहावेत.

कासचा बहर शरदाची वाट पाहत नाही. ऑगस्टच्या अखेरीस तो सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला ओसरतो. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, जवळजवळ १२०० मीटर उंचीवरचे हे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. येथे सपुष्प वनस्पतींच्या आठशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. इतकी फुले येथेच का, याचे उत्तर पायाखाली आहे. पठार जांभ्या खडकाचे आहे आणि त्यावर मातीचा थर इतका पातळ की मोठे झाड मूळच धरू शकत नाही. पावसाळ्यात खडकावर पाणी साचते, उन्हाळ्यात तोच खडक तापून निघतो. अशा जागी टिकतात त्या बुटक्या, अल्पायुषी वनस्पती. त्यांना उगवणे, फुलणे आणि बी धरणे हे सगळे ओल आहे तेवढ्या काही आठवड्यांत उरकावे लागते. म्हणून त्या एकदम आणि झुंडीने फुलतात.

पांढऱ्या गोल बोंडांचा गेंद, गुलाबी-जांभळा तेरडा, पिवळी सोनकी आणि कवला ही नावे मुलांना पटकन पाठ होतात. कवल्याच्या पिवळ्या फुलावरचे दोन लाल ठिपके पाहून पर्यटकांनी त्याला ‘मिकी माऊस’ म्हणायला सुरुवात केली, तेही आता रुळले आहे. पण खरे पाहण्यासारखे आहे ते ‘सीतेची आसवे’ हे निळे-जांभळे, नखाएवढे फूल. वर इतके नाजूक दिसणारे हे रोप मातीखाली शिकार करते. जांभ्यावरच्या मातीत नत्र कमी, ती उणीव भरून काढण्यासाठी त्याच्या तंतूंवर टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या असतात. ओल्या मातीतला सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडावरच्या केसाला लागला की झडप उघडते आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत तो पाण्यासकट आत ओढला जातो. दवबिंदू ही दुसरी कीटकभक्षी वनस्पतीही याच सड्यांवर आहे. तिच्या पानांवरच्या केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात, त्यावर बसलेला कीटक सुटत नाही. भिंग बरोबर नेले आणि वाटेच्या कडेला बसून दहा मिनिटे नीट पाहिले, तर गालिच्याबरोबरच्या शंभर फोटोंपेक्षा मुलांच्या लक्षात ते जास्त राहते.

कासला जाण्यासाठी आगाऊ ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि दिवसाची प्रवेशसंख्या मर्यादित असते. परिसरातल्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या पठाराची व्यवस्था पाहतात. शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी सकाळी पोहोचणे उत्तम. फुलांत शिरून फोटो काढणे हा येथला सर्वांत मोठा उपद्रव आहे, कारण तुडवलेले रोप बी धरत नाही आणि बी नाही तर पुढच्या वर्षी तेथे फूल नाही. मुलांना हे कारण सांगितले की ती स्वतःच मोठ्यांना अडवतात. कासहून येताना साताऱ्याला पाणी पुरवणारा कास तलाव आणि वाट थोडी वाकडी केली तर सज्जनगड, ठोसेघरचा धबधबा आणि चाळकेवाडीचे पवनचक्क्यांचे पठार एका दिवसात होते. ठोसेघरची दरी खोल आहे, धबधबा कठड्यामागूनच पाहावा.

कासचे तिकीट मिळाले नाही म्हणून हळहळण्याचे कारण नाही. सप्टेंबरात सोनकी सह्याद्रीच्या बहुतेक गडांवर फुलते. कारवी मात्र दर वर्षी भेटत नाही. ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, डोंगरउतार जांभळे करते, बी टाकते आणि मरते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ मध्ये आणि नंतर २०२४ मध्ये फुलली. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला बोटाला धरून दाखवलेला बहर पुन्हा येईल तेव्हा ते चौदा वर्षांचे असेल.

घटस्थापना झाली की गावोगावी संध्याकाळी अंगण भरू लागते. पुण्याकडे भोंडला, सातारा-कोल्हापूरकडे हादगा. दोन्हींचा संबंध हस्त नक्षत्राच्या पावसाशी, म्हणून दोन्हींत हत्ती असतो. भोंडल्यात पाटावर रांगोळीने किंवा धान्याने हत्ती काढून पाट मध्ये ठेवतात आणि मुली हात धरून भोवती फेर धरतात. हादग्यात हत्तीचे चित्र भिंतीवर लावून त्याला फळांची माळ घालतात आणि सूर्य हस्तात शिरल्यापासून सोळा दिवस तो चालतो. जुन्या रीतीने पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, अशी गाणी वाढत जातात आणि खिरापतीही. खिरापत ओळखणे हा मुलांच्या दृष्टीने मुख्य कार्यक्रम. झाकलेला डबा वाजवून दाखवायचा, गोड की तिखट एवढेच सांगायचे आणि अंदाजांना ऊत येऊ द्यायचा. वाटली डाळ सगळ्यांना लगेच ओळखू येते, म्हणून जिची पाळी असेल तिची आई काहीतरी अनोळखी करण्याच्या मागे असते. आता गृहसंकुलांत, शाळांच्या मैदानांवर आणि परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांतही भोंडले होतात. बाहेरून वाद्यवृंद बोलावून ध्वनिक्षेपकावर लावलेल्या गाण्यांपेक्षा, ज्यांना येतात त्या आज्यांना पुढे करून म्हटलेली गाणी चांगली. ती फेरातच शिकली जातात.

कोल्हापुरात नवरात्राच्या पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोलीच्या भेटीला जाते. तेथे कोहळा फोडण्याचा विधी होतो आणि टेकडीवर जत्रा भरते. दसऱ्याला सूर्य मावळताना दसरा चौकात शाही सोहळा असतो. देवीच्या पालख्या येतात, छत्रपती घराण्यातली मंडळी जुन्या मेबॅक मोटारीतून येतात, शमीपूजन होते आणि मग सोने लुटायला झुंबड उडते. लहान मुले बरोबर असतील तर चौकाच्या कडेला, बाहेर पडायची वाट जवळ राहील अशी जागा आधीच धरावी. सोने म्हणून वाटला जातो तो आपटा. त्याचे जोडपान मधोमध दुमडते. बाजारात मात्र त्याच्या फांद्याच्या फांद्या येतात आणि कित्येकदा त्याच्या नावाखाली कांचनाची पाने खपतात. एका घराला दहा-बारा पाने पुरतात, त्यासाठी फांदी तोडलेली घेऊ नये.

पुण्याजवळ दसरा पाहायचा तर जेजुरी. दसऱ्याच्या संध्याकाळी खंडोबाची पालखी गडावरून निघते, रात्री रमण्याच्या डोंगरात कडेपठारच्या पालखीशी तिची भेट होते आणि उजाडता उजाडता ती परत येते. त्यानंतर गडावर खंडा उचलण्याची चुरस लागते. ही तलवार सुमारे ४२ किलोंची. ती एका हाताने आडवी तोलून कोण जास्त वेळ धरतो हे पाहिले जाते, आणि काही जण ती चक्क दातांनी उचलतात. रात्रीची गर्दी लहान मुलांना झेपणारी नाही, सकाळचा खंडा मात्र दाखवण्यासारखा आहे. याच दिवसांत सासवडचा बाजार सीताफळांनी भरलेला असतो आणि पुरंदरच्या शेतांत झेंडू फुललेला. पुरंदर किल्ल्यावर गाडी जाते. तो लष्कराच्या ताब्यात असल्याने ओळखपत्र दाखवावे लागते आणि दिवसाउजेडी परतावे लागते. संभाजी महाराजांचा जन्म १६५७ मध्ये याच गडावर झाला. सासवड, पुरंदर, जेजुरी हा एका दिवसाचा फेरा गुडघे दुखणाऱ्यांनाही जमण्यासारखा आहे.

कोजागरीला गच्चीवर आटीव दूध आणि जागरण सगळीकडेच होते. त्याला आकाशदर्शनाची जोड देण्याचा मोह होतो, पण पौर्णिमेच्या उजेडात तारे फिके पडतात. तारे पाहायचे तर आठ-दहा दिवस थांबावे. आश्विन वद्यातल्या रात्री नऊच्या सुमारास डोक्यावर पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांच्या चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसतो. त्याच्या ईशान्येला देवयानी. गावाच्या दिव्यांपासून दूर, काळोख्या जागी तेथे एक पुसट, धुरकट डाग नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ती देवयानी दीर्घिका, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर. दुर्बिणीशिवाय माणसाला सहज दिसणाऱ्या गोष्टींत इतकी लांबची दुसरी नाही. पूर्वेला तोवर कृत्तिकांचा पुंजका वर आलेला असतो. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणते. अशा संस्थांच्या कार्यक्रमात मुलांना एकदा नेले की तारे ओळखायची सवय लागते.

सहामाही परीक्षा संपते आणि मुले माती शोधू लागतात. दिवाळीतला किल्ला हा या प्रदेशातल्या मुलांचा सर्वांत मोठा मैदानी उद्योग आहे. पुण्यापासून बेळगावपर्यंत अंगणात, बोळात, सोसायटीच्या वाहनतळाच्या कोपऱ्यात तो उभा राहतो. आधी विटा, दगड आणि फुटक्या कुंड्या रचून डोंगराचा सांगाडा करायचा. त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट टाकायचे, म्हणजे उतार आपोआप नैसर्गिक दिसतात. वरून चाळलेल्या मातीचा हात द्यायचा. बुरूज डब्यांवर माती थापून होतात, पायऱ्या सुरीने कापतात. माती ओली असतानाच हळीव आणि मोहरी पेरायची आणि रोज हलक्या हाताने पाणी शिंपडायचे. हळीव दोन-तीन दिवसांत उगवतो, म्हणून वसुबारसेच्या आधी पेरणी झाली पाहिजे. उशीर झाला तर किल्ला पाडव्यापर्यंत बोडकाच राहतो. शेवटी कुंभारवाड्यातून आणलेले मावळे, तोफा आणि सर्वांत वर सिंहासनावर महाराज.

याला जोड हवी ती खऱ्या किल्ल्याच्या अभ्यासाची. नुसता ‘किल्ला’ करण्यापेक्षा राजगड करायचा असे ठरले, की पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या कोणत्या दिशांना पसरल्या आहेत, बालेकिल्ला कुठे, पाण्याची टाकी कुठे, हे सगळे शोधावे लागते. अनेक शहरांत किल्ला स्पर्धा होतात, त्यांत परीक्षक हेच विचारतात आणि मुले फडाफडा सांगतात. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले : साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. बारावा तामिळनाडूतला जिंजी. दर दिवाळीला यांतला एक मातीत करायचा आणि त्याच सुट्टीत तो प्रत्यक्ष पाहायचा, असा नेम कुठल्याही कुटुंबाला पेलणारा आहे.

यांतले सगळे गड सारखे अवघड नाहीत. पन्हाळा कोल्हापूरहून वीसेक किलोमीटरवर, गाडी थेट वर जाते. तीन दरवाजा, अंधारबाव आणि अंबरखान्यातली धान्याची प्रचंड कोठारे पाहताना चढ असा लागतच नाही. लोहगड मळवली स्थानकावरून चालत होतो, पायऱ्या चांगल्या आहेत आणि विंचूकाट्याच्या टोकापर्यंत दहा वर्षांची मुलेही जातात. रायगडला रोपवे आहे. राजगडाची चढण मात्र दमवणारी, बालेकिल्ल्याची वाट अरुंद आणि उभी. पहिल्याच गडाला ती घेऊ नये. यादीत नसलेला सिंहगड पुण्याच्या उशाशी आहे, आणि वर मिळणारे पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही हे तेथे जायला पुरेसे कारण आहे.

गडावर जाताना ऑक्टोबरात गवत कमरेएवढे असते. त्यात साप असू शकतो. पावसाळ्यानंतरच्या गवतातल्या बारीक किडींच्या चाव्यातून स्क्रब टायफस हा तापही होतो. पूर्ण विजार, बंद बूट आणि परतल्यावर कपडे बदलून अंघोळ एवढी काळजी पुरते. सहलीनंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर गवतातून फिरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. अत्तर, धूर आणि आरडाओरड या तिन्हींनी ती उठतात, आणि अशा हल्ल्यांत माणसे दगावली आहेत. पाणी माणशी दोन लिटर तरी घ्यावे, गडावरच्या टाक्यांवर विसंबू नये.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात एक दृश्य असते, ते दुसरीकडे सहसा दिसत नाही. गवळी लोक आपल्या म्हशी धुऊन, चमकवून, शिंगे रंगवून आणि गळ्यात माळा घालून मिरवायला आणतात. मालकाच्या मोटारसायकलीच्या आवाजामागे त्याचीच म्हैस धावते, दुसऱ्याच्या गाडीमागे जात नाही. वर्षभर लळा लावल्याशिवाय हे होत नाही, आणि बघ्यांची वाहवा मिळते ती त्या लळ्याला. याच सुमारास कोल्हापूर-कऱ्हाड भागात गुऱ्हाळे पेटतात. मोठ्या काहिलीत रस उकळतो, रानभेंडीचे चिकट पाणी घालून मळी वर आणतात आणि झाऱ्याने काढतात. पाक कधी उतरवायचा हे गुळव्या बुडबुड्यांवरून ठरवतो. ताजी काकवी आणि गरम गुळाबरोबर शेंगदाणे, एवढ्यासाठी वाट वाकडी करावी. मावळ, मुळशी, भोरकडे तेव्हा भाताची कापणी आणि झोडणी चालू असते. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले. कृषी पर्यटन केंद्रात मुक्काम करायचा तर स्विमिंग पूल आहे का यापेक्षा, त्या दिवशी शेतात कोणते काम चालू असेल हे आधी विचारावे.

५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. वन विभाग आणि निसर्गप्रेमी संस्था ठिकठिकाणी पक्षिनिरीक्षणाच्या फेऱ्या काढतात. हिवाळी पाहुणे तेव्हा येऊन पोचलेले असतात : माळावर गप्पीदास, पाणवठ्यावर शेपटी हलवणारा धोबी, भोरड्यांचे थवे, उजनीच्या फुगवट्यावर चक्रवाक. भिगवणला रोहित पाहण्यासाठी मात्र नोव्हेंबर जरा लवकरच. तेथे डिसेंबरनंतर जावे. मोरगावजवळ सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य लहान आहे, पण सकाळी लवकर गेल्यास माळावर चिंकारा हमखास म्हणावा इतका दिसतो, आणि ते पुण्याहून सकाळी जाऊन दुपारी परतण्याइतके जवळ आहे.

कार्तिकी एकादशीला पंढरपूर आणि पुढे वद्य पक्षात आळंदी वारकऱ्यांनी भरते. मधल्या त्रिपुरी पौर्णिमेला नद्यांचे घाट उजळतात. कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर पहाटे हजारो पणत्या लागतात, नरसोबाची वाडी आणि वाईच्या कृष्णाघाटांवरही दीपोत्सव होतो. वाईला जाणाऱ्यांनी दिवसा मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा, घाट आणि तेथली मोठी पोर्तुगीज घंटा पाहून घ्यावी. घाटावर जाताना मुलांना सुती कपडे घालावेत, पायऱ्या तेलाने निसरड्या झालेल्या असतात हे ध्यानात ठेवावे आणि तेलाचे दिवे पाण्यात न सोडता पायरीवरच लावावेत. मार्गशीर्ष लागला की हेमंत सुरू होतो. ज्वारी निसवून कणसात दाणा भरायला त्यापुढे काही आठवडे जातात, म्हणून हुरड्याचे बेत डिसेंबरच्या मध्यानंतरचेच ठेवावेत.